धर्मपित्याचे गाव

रेल्वे जंक्शनच्या गावी धर्मगुरू म्हणून राहणाऱ्या माणसाला जी पत्रे येतात, त्यांत वर्षाकाठी दोन-चार तरी मृतांची चौकशी करणारी असतात. पूर्वी ती विमानटपालाच्या निळ्या कागदावर येत; आता संगणकावर येतात. मजकूर मात्र तोच. आमचे पणजोबा जी.आय.पी. रेल्वेत ड्रायव्हर होते, बडनेऱ्यास होते असे आजी सांगे. त्यांच्या विवाहाची अथवा मृत्यूची नोंद आपल्याकडे आहे काय? पत्ता पर्थचा, टोरांटोचा नाहीतर बर्मिंगहॅमचा असतो आणि खालची आडनावे पुष्कळदा आयरिश असतात.

बडनेऱ्यास आयरिश माणूस कसा आला, याचे आज येथे कोणास कुतूहल नाही. भुसावळकडून आलेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि बडनेऱ्याहून अमरावतीच्या कापूसबाजाराला जाणारा सहा मैलांचा फाटा १८७१ साली सुरू झाला. इंजिने हाकायला, गार्डाचा डबा सांभाळायला कंपनीला गोरी नाहीतर निमगोरी माणसे हवी असत आणि पलटणीतून मुदत संपून सुटलेला शिपाई हा त्यासाठी सर्वांत स्वस्त. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात भरती झालेल्या गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ निम्मे आयरिश होते. घरी जमीन नव्हती, पोट होते. कामठीच्या छावणीत आलेला असा एखादा शिपाई पुढे रेल्वेत लागे, येथेच लग्न करी आणि येथेच मातीआड होई. साम्राज्याचा तो चाकरही होता आणि त्याच साम्राज्याने नागवलेल्या देशाचा पुत्रही. हे दोन्ही ध्यानात ठेवल्यावाचून त्या आडनावांचा अर्थ लागत नाही.

या लोकांचा माग काढायचा तर ख्रिस्तसभेच्या नोंदवह्यांवाचून गत्यंतर नाही. विवाहाची नोंदवही प्रत्येक धर्मग्रामात ठेवलीच पाहिजे असा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. आजही धर्मसंहितेचा ५३५ वा नियम प्रमुख धर्मगुरूवर या वह्यांची जबाबदारी टाकतो आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असेही बजावतो. सेमिनरीत हा नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याची गोडी कळली ती वाळवीने कडा खाल्लेली पहिली वही उलगडली तेव्हा. भाषा लॅटिन, शाई तांबूस झालेली, आणि प्रत्येक माणसाचे नाव मोठ्या घरी जाताना घालायच्या कोटासारखे लॅटिनचा वेष चढवून बसलेले. जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, ब्रिजेटची ब्रिगिदा. आपल्याकडच्या बाळा-धोंड्यांनाही त्या वहीत योसेफुस आणि पेत्रुस होऊनच प्रवेश मिळाला.

परंतु वहीचा खरा जीव मजकुरात नसतो, समासात असतो. दहावे पायस पोप असताना १९०७ साली निघालेल्या एका फर्मानाने असे ठरविले की, माणसाचे लग्न जगाच्या पाठीवर कोठेही लागो, ते लावणाऱ्या धर्मगुरूने त्याच्या स्नानसंस्काराच्या गावी कळवावे आणि तेथील वहीत त्याच्या नावासमोर समासात तशी नोंद व्हावी. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी नवरदेव होऊ नये, एवढाच त्यातला रोकडा हेतू. पण त्यामुळे एखाद्या आडगावच्या वहीच्या समासात लाहोर, रंगून, इगतपुरी अशी नावे उतरली आणि गेलेल्या माणसाचे पाऊल कोठे पडले ते कळू लागले.

आयर्लंडमध्ये तर या वह्यांना आणखी एक दैव लाभले. ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधील फोर कोर्ट्स या इमारतीच्या आवारातले सरकारी दफ्तरखाने यादवी युद्धाच्या आगीत जळाले. एकोणिसाव्या शतकातील जनगणनेचे कागद, मृत्युपत्रे आणि राजमान्य चर्चच्या शेकडो वह्या यांची राख झाली. कॅथोलिकांच्या वह्या मात्र वाचल्या; कारण त्या सरकारी नव्हत्याच. सरकारदरबारी ज्यांना मान नव्हता, त्यांच्या वह्या गावोगावच्या धर्मगुरूंच्या घरी कपाटांत पडून राहिल्या. २०१५ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे जगाला विनामूल्य खुली केली. आज बडनेऱ्यात बसून मी मेयो परगण्यातील १८६० सालचे पान पाहू शकतो. वऱ्हाडातील त्याच काळचे पान पाहायला मात्र मला रेल्वेचे तिकीट काढावे लागते, हा भाग वेगळा.

२०२३ सालच्या डिसेंबरात पर्थहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. पूर्वजांचा शोध आणि ऐतिहासिक स्थळांची यात्रा असा त्यांचा जोडकार्यक्रम होता. अशा यात्रा आता पुष्कळ निघतात आणि त्यांतल्या काहींना जुन्या साहेबी थाटाचा वास येतो. या बाईंना तो नव्हता. त्यांना गाविलगड पाहायचा होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी तो घेणारा आर्थर वेलस्ली हा डब्लिनमध्ये जन्मलेला. त्याआधी पंधरवड्यापूर्वी अडगावची लढाईही त्यानेच जिंकली होती. चिखलदऱ्याच्या थंडीत त्या तटावर उभ्या राहिल्या आणि किल्लेदार बेनीसिंगाबद्दल त्यांनी माझ्याहून नेमके प्रश्न विचारले. त्यांच्या पणजोबांचे अकरा महिन्यांचे मूल बडनेऱ्यास वारले होते. दफनाची नोंद सापडली. जागा सापडली नाही. नोंदीची छायाप्रत त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या.

ही छायाप्रत आमच्या नव्या वस्तीतील एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाहिली होती. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढलेले, आता ऐंशीच्या घरात. मिस्सानंतर ते थांबले.

“फादर, त्या मॅडमच्या आज्याचा कागद निघाला. माह्या आज्याचा पन असंन ना?”

त्यांचा प्रश्न मला काहीसा जड गेला. आपल्या धर्मग्रामांतून असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पुष्कळांना तो विचारायचाच नसतो. आयरिश माणसाला मूळ गाव सापडले की तो तेथील दगड पिशवीत घालून आणतो. आपल्याकडे गावाचे नाव निघाले की त्यामागून जातीचे नाव निघते, आणि ज्याच्या आज्याने ते ओझे एकदा खाली ठेवले, त्याला ते पुन्हा उचलण्याची हौस का असावी? म्हणून मी आबाजींना दोनदा विचारले. ते म्हणाले, “जात मले ठाऊक आहे. गाव ठाऊक नाई.”

लोहमार्गावरच्या एका जुन्या धर्मग्रामात ती वही आहे. आम्ही दोघे पॅसेंजरने गेलो. १९०० साल. त्या वर्षाची पाने इतर वर्षांहून जाड आहेत, हे वही न उघडताच बाजूने दिसते. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाख होती; १९०१ साली ती साडेसत्तावीस लाख भरली. मधल्या दशकाची वाढ तर नाहीच, उलट दीड लाखांची तूट. खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर माणसे जगली तितकी जगली. त्यांच्या मागे उरलेली मुले मिशनच्या अनाथालयांत आली. एकेका दिवशी चार-चार, पाच-पाच स्नानसंस्कार. अक्षर घाईचे.

आबाजींचा आजा आम्हांला समासामुळे सापडला. लग्नाचे साल आणि वधूचे नाव पुढे कोणीतरी तेथे नोंदविले होते. वधू म्हणजे आबाजींची आजी, तिचे नाव त्यांना ठाऊक होते. मूळ नोंद अडीच ओळींची. योसेफुस, वय सुमारे पाच वर्षे. आणि आईबापांच्या नावांच्या जागी दोन शब्द, पारेंतेस इग्नोती, म्हणजे आईबाप अज्ञात. गावाचा रकाना कोरा. शेवटी धर्मपित्याचे नाव: एक आयरिश आडनाव आणि पुढे ‘इंजिन-ड्रायव्हर’ एवढाच हुद्दा. पर्थच्या बाईंच्या कुळाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मी तेथेच ताडून पाहिले.

मी वाचून दाखविले. आबाजींनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले. बराच वेळ ठेवले. मग म्हणाले, “मायबाप नाई सापडले तं नाई. पन ज्यानं त्याचा हात धरला, त्याचं तं गाव असंन ना कोठी? तेच पाहा.”

कोणाला ही म्हाताऱ्याची भाबडी समजूत वाटेल. धर्मशास्त्र तसे म्हणत नाही. स्नानसंस्कारातून धर्मपिता व धर्मपुत्र यांच्यात आध्यात्मिक नाते निर्माण होते आणि ते इतके खरे असते की त्यांच्यात विवाह होऊ शकत नाही, असा ख्रिस्तसभेचा जुना कायदा होता. १९१७ च्या धर्मसंहितेनेही तो कायम ठेवला. १९८३ च्या संहितेने तो अडथळा गाळला. म्हणजे १९०० साली, ज्या दिवशी हा विधी झाला त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे, तो इंजिन-ड्रायव्हर या पोराचा सोयराच झाला होता. आबाजींनी संहिता वाचलेली नाही; त्यांनी नाते बरोबर ओळखले.

त्याच वहीत मागे त्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या विवाहाची नोंद मिळाली. वय, बापाचे नाव, आणि मूळ धर्मप्रांत: ट्युअम. हा आयर्लंडच्या पश्चिमेचा महाधर्मप्रांत. मेयो परगण्याचा मोठा भाग त्यात मोडतो. धर्मग्रामाचे नाव लिहिणाऱ्याने दिले नव्हते.

मेयो हे नाव आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. नागपूरच्या सरकारी रुग्णालयाला इंदिरा गांधींचे नाव मिळून किती वर्षे झाली, तरी बडनेऱ्याचा रोगी ‘मेयोत’च भरती होतो. ते नाव व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचे. जन्म डब्लिनचा, उपाधी त्या परगण्याची. जलंब-खामगाव या फाट्याचे उद्घाटन करायला तो १८७० साली आपल्या वऱ्हाडात आला होता. कापूस लवकर बंदरावर पोचावा म्हणून तो सगळा थाट. दोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी १८७२ रोजी, अंदमानात शेर अली या कैद्याने त्याचा खून केला. मेयो हा एक देश-विभाग आहे, तेथे गावे आहेत, माणसे उपाशी मेली आहेत, हे मात्र रुग्णालयाच्या फाटकावरून कळत नाही.

योगायोग म्हणावा की काय, २०२४ च्या उन्हाळ्यात मला त्याच भागात जाण्याचा प्रसंग आला. एके काळी जगभर धर्मगुरू पाठविणाऱ्या त्या देशात आता धर्मगुरूंची वाण आहे. सुट्टीवर जाणाऱ्यांच्या जागी सहा आठवडे काम करायला भारतातून माणसे बोलावतात. मी निघताना आबाजी स्टेशनवर आले आणि त्यांनी ड्रायव्हरचे नाव लिहिलेली चिठ्ठी माझ्या खिशात घातली. माझ्याजवळ ते नाव आधीच होते, हे मी बोललो नाही.

डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये वेलिंग्टनचा स्तंभ आहे, सुमारे बासष्ट मीटर उंच. वॉटर्लूला हस्तगत केलेल्या तोफा वितळवून त्याचे शिल्पपट ओतले आहेत आणि त्यांपैकी एक हिंदुस्थानातील लढायांचा आहे. शाळेची मुले पायऱ्यांवर बसून आइसक्रीम खात होती. मी त्या ब्राँझच्या गर्दीत गाविलगडाचा एखादा बुरूज शोधला. शिल्पकाराला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेथून पुढे किल्डेअर परगण्यातील जॉन्स्टाऊन हे खेडे. एका पडक्या, छप्पर नसलेल्या जुन्या चर्चच्या आवारात लॉर्ड मेयोला पुरले आहे. त्याचे शव अंदमानाहून आणताना दारूत बुडवून टिकविले होते म्हणे; त्यावरून तेथील लोकांनी त्याला ‘लोणच्याचा सरदार’ असे नाव ठेवले, ते अजून चालते. खामगावच्या बाजाराचे उद्घाटन करणाऱ्याची ही थट्टा ऐकून मला हसू आले. मग मी त्याच्यासाठीही एक प्रार्थना म्हटली.

मेयो परगणा मात्र थट्टेचा नाही. आयरिश भाषेत त्या नावाचा अर्थ यू वृक्षांचा माळ. डोंगर, ओली काळी जमीन, दगडी बांध, आणि डोंगरांच्या उतारावर अजूनही दिसणारे समांतर वरंबे. गवताखालचे हे वरंबे बटाट्याच्या वाफ्यांचे आहेत. शेवटचा हंगाम सडल्यानंतर ते कोणी मोडले नाहीत. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. १८४१ साली सुमारे ब्याऐंशी लाख असलेली लोकसंख्या दहा वर्षांत पासष्ट लाखांवर आली. दहा लाख मेले, तितकेच जहाजांत बसले. सरकारने कामे काढली. कोठेच न जाणारे रस्ते बांधून घेतले. ही मदत लंडनहून आखडत्या हाताने सोडणारा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलिअन पुढे मद्रासचा गव्हर्नर आणि मग हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री झाला. खडी फोडण्याची विद्या वऱ्हाडात कोठून आली, हे तेथे उभे राहिल्यावर उमगते.

उलट बाजूचाही एक माणूस सांगितला पाहिजे. अँटनी मॅक्डॉनेल हा मेयोतील कॅथोलिक घराण्यातला, जन्म १८४४ चा, म्हणजे दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा. नागपूरला मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगाचा अध्यक्ष झाला. ज्या वर्षी योसेफुसच्या आईबापांची नावे हरवली, त्या वर्षाचा सरकारी हिशेब एका मेयोकराने तपासला. आयोगाचे अहवाल कोरडे असतात. पण मदत वेळेवर आणि आधीच सुरू करावी, लोकांचा धीर खचू देऊ नये, हा त्याचा आग्रह वाचताना मला त्यामागे घरातले काही ऐकलेले असावे असे वाटते. हे माझे मत, पुरावा नाही.

लुईसबर्गपासून दक्षिणेला डूलॉ नावाच्या तळ्याकाठी एक साधा दगडी क्रूस आहे. १८४९ च्या मार्चमध्ये लुईसबर्गला शिधा मागायला जमलेल्या उपाशी लोकांना अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्यावर हजर व्हायला सांगितले. दहा-बारा मैलांची वाट, बोचरी थंडी. लोक रात्रीतून चालत गेले. तेथे काही मिळाले नाही. परतताना अनेक जण वाटेत पडले. त्या स्मारकाच्या दगडावर महात्मा गांधींचे एक वाक्य कोरले आहे. सेवाग्राम आमच्या स्टेशनापासून दीड-दोन तासांवर. इतक्या दूर, पावसात, माणसाने माणसाच्या केलेल्या अवमानाविषयीचे बापूंचे शब्द वाचताना मला परके वाटेना.

जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रोग पॅट्रिक या पवित्र डोंगरावर हजारो लोक चढतात, काही अनवाणी. मीही चढलो, बूट घालून. त्या डोंगराच्या पायथ्याशी दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक आहे, सांगाड्यांची डोलकाठी असलेले जहाज. त्यावर अधिक लिहीत नाही; ते पाहूनच यावे.

रात्री मी वह्या पाहत असे. ट्युअमच्या धर्मग्रामांची पाने संगणकावर एकामागून एक. लॅटिन तीच, घाई तीच, वळणसुद्धा तेच. जणू कामठीचा लेखनिक येथेच शिकला होता. ड्रायव्हरचे नाव आणि आडनाव तिकडे आपल्या रामराव देशमुखाइतके सामान्य. बापाचे नाव जुळणारे आणि साल दोन-तीन वर्षांच्या अंतरात बसणारे तीन मुलगे निघाले: एक अघागावरचा, एक लुईसबर्गचा, एक बॅलिनरोबचा. तिघांच्याही समासात काही नाही. ते १९०७ च्या फार आधी घर सोडून गेलेले. तेथील वृद्ध धर्मगुरूंनी माझ्याबरोबर दोन रात्री डोके घातले आणि शेवटी म्हणाले, येथून पुढे वही बोलत नाही. मी तिन्ही ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणी त्या एका नावासाठी मिस्सा अर्पण केली. बॅलिनरोबला आठ-दहा म्हाताऱ्या बायका होत्या. वऱ्हाडात १९०० साली एका पोराचा हात कोणी धरला ते त्यांना सांगितले, तेव्हा त्यांच्यापैकी एकीने त्या पोराचे नाव काय, असे विचारले.

परत आलो तो पोळ्याच्या सुमारास. आबाजींना तीन गावांची हकिगत सांगितली, छायाचित्रे दाखविली. हिरवे डोंगर पाहून त्यांनी विचारले, तिकडे पाऊस किती पडतो? मी म्हणालो, बारा महिने. ते चकित झाले.

“एवढा पाऊस पडते तं मंग दुष्काळ कसा काय पडला, फादर?”

मी त्यांना बटाट्याच्या रोगाविषयी सांगितले, जमीनदारांच्या खंडाविषयी सांगितले, बंदरातून बाहेर जाणाऱ्या धान्याविषयी सांगितले. ते मान हलवीत ऐकत होते. खंडापाशी आलो तेव्हा त्यांना पुढचे सांगावे लागले नाही.

तिघांतला नेमका कोणता, हे ठरविता येत नाही, हे मी शेवटी स्पष्ट केले. आबाजींनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरला.

“तिन्ही लिहून द्या. मराठीत लिहा, पोट्ट्यांले वाचता आलं पाह्यजे.”

मी लिहून दिले. अघागावर, लुईसबर्ग, बॅलिनरोब. त्यांनी ती नावे माझ्याकडून दोन-दोनदा म्हणवून घेतली, स्वतः म्हणून पाहिली, आणि कागद पेन्शनच्या पुस्तकात घातला.